शंभर उंट, दोन लाख दिरहम आणि मांडीवर सांडलेली कॉफी

अमिरातीतल्या रुवैसमध्ये संध्याकाळी कॅफेटेरियासमोर गाडी उभी केली आणि हॉर्न दिला की आतला मुलगा कागदी कपात चहा घेऊन खिडकीपाशी येतो. या चहाचं नाव 'करक'. इथले अरब गृहस्थही 'करक' म्हणूनच मागतात. शब्द आपल्याच बाजूचा, 'कडक'. समुद्र ओलांडताना 'ड'चा 'र' झाला, एवढंच. दूध घट्ट, वेलची भरपूर आणि उकळी अशी की कप दोन बोटांत धरावा लागतो. परवा झाकण नीट बसलं नव्हतं. दोन थेंब मनगटावर पडले आणि रात्रीपर्यंत तिथे लाल डाग राहिले.

मी इथे सेफ्टीचं काम करते. परमिटचे कागद, सकाळचा टूलबॉक्स टॉक, 'नियर मिस'च्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी, असा माझा दिवस जातो. त्यामुळे मनगटावर थेंब पडला तरी डोक्यात दोनच प्रश्न येतात: चूक कोणाची, आणि भरपाई किती? जगभरचे कारखानदार, कामगार, वकील आणि कायदेमंडळं पिढ्यानपिढ्या याच दोन प्रश्नांवर भांडत आली आहेत. त्या भांडणातल्या काही गोष्टी चहाबरोबर सांगण्यासारख्या आहेत.

४९ सेंटची कॉफी

२७ फेब्रुवारी १९९२. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं ॲल्बुकर्की शहर. ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या गाडीत बसल्या होत्या. मॅकडोनाल्ड्सच्या खिडकीतून ४९ सेंटची कॉफी घेतली. साखर-दूध घालण्यासाठी नातवाने गाडी थांबवली, आजींनी कप गुडघ्यांत धरून झाकण ओढलं आणि सगळी कॉफी मांडीवर आली.

पुढची गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते: एका बाईने कॉफी सांडली आणि लाखो डॉलर मिळवले. उरलेली अर्धी अशी. त्या साखळीत कॉफी १८० ते १९० फॅरनहाइटवर, म्हणजे ८२ ते ८८ सेल्सिअसवर ठेवत. आजींना तिसऱ्या दर्जाची भाजणूक झाली, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, त्वचारोपण झालं. त्यांनी सुरुवातीला मागितले २०,००० डॉलर. कंपनीने देऊ केले ८००. कोर्टात बाहेर आलं की आधीच्या दहा वर्षांत अशाच भाजण्याच्या ७०० हून जास्त तक्रारी कंपनीकडे आलेल्या होत्या.

१९९४ मध्ये ज्युरीने नुकसानीचे दोन लाख डॉलर ठरवले आणि वीस टक्के चूक आजींचीही आहे म्हणून त्यातून चाळीस हजार वजा केले. शिवाय कंपनीला दंड म्हणून २७ लाख डॉलर. हा आकडा म्हणजे कंपनीची साधारण दोन दिवसांची कॉफीची विक्री. न्यायाधीशांनी दंड उतरवून ४,८०,००० केला. एकूण बसले ६,४०,०००. शेवटी दोघांनी आपसात तडजोड केली आणि ती रक्कम जाहीर झाली नाही.

अर्धी गोष्ट मात्र जगभर पसरली. दावे बोकाळलेत, उद्योगांचा जीव जातोय, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी ती आली. सेफ्टीच्या खुर्चीतून मला त्यातला ७०० चा आकडा सर्वांत मोठा वाटतो. आमच्याकडे एकाच वाल्व्हविषयी सात नोंदी आल्या तरी काम थांबतं.

वाकडं पाऊल

ज्या कायद्याखाली आजी कोर्टात गेल्या त्याला 'टॉर्ट' म्हणतात. मूळ लॅटिन 'टॉर्टुम', म्हणजे पिळलेलं, वाकडं. मराठी कायद्याच्या पुस्तकात 'अपकृत्य' आहे, पण मला 'वाकडं पाऊल' जास्त जवळचं वाटतं. दोघांत करार असायलाच हवा असं नाही. एकाने निष्काळजीपणे पाऊल वाकडं टाकलं, दुसऱ्याला इजा झाली, तर पहिल्याने भरून द्यायचं.

'टॉर्ट रिफॉर्म' म्हणजे ही भरपाई आवरती घेण्याची मागणी. अमेरिकेत त्यासाठी उद्योगांच्या आघाड्या राज्याराज्यांत उभ्या आहेत. अमेरिकन टॉर्ट रिफॉर्म असोसिएशन १९८६ ची. यूएस चेंबर ऑफ कॉमर्सने १९९८ मध्ये खास यासाठी वेगळी संस्था काढली. टेक्सासमधल्या मंडळींनी १९९४ मध्ये स्वतःची आघाडी बांधली आणि नऊ वर्षांत राज्याची घटना बदलून वैद्यकीय दाव्यांतल्या वेदनेच्या भरपाईवर डॉक्टरांपुरती अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा आणली. यांच्या मागण्या थोड्याफार फरकाने सगळीकडे सारख्याच: रकमेला छत असावं, दावा लावायची मुदत आखूड असावी, ज्याचा जितका दोष तितकीच त्याची वसुली व्हावी आणि कोर्ट कोणा एका बाजूला झुकलेलं नसावं.

पहिल्या असोसिएशनचा एक अहवाल तर नावानेच गाजला. कुठल्या गावची कोर्टं उद्योगांना जाचक आहेत त्याची यादी ते २००२ पासून काढतात आणि तिला नाव दिलंय 'न्यायाचे नरक'. फिर्यादींचे वकील दर वर्षी त्या यादीवर तुटून पडतात आणि आघाडी दर वर्षी ती पुन्हा छापते.

वीस डॉलर

अमेरिकेतल्या केंद्रीय न्यायालयांत दिवाणी दाव्यातही ज्युरी मागण्याचा हक्क घटनेच्या सातव्या दुरुस्तीने दिलेला आहे. अट एवढीच की वादाची रक्कम वीस डॉलरपेक्षा जास्त हवी. दुरुस्ती १७९१ ची. वीस डॉलर आजही वीसच आहेत.

इथे अमिरातीत ज्युरी नाही, न्यायाधीशच निकाल देतात. भारतात फौजदारी खटल्यांतली ज्युरी नानावटी खटल्यानंतर हळूहळू गेली. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी कमांडर नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं होतं. न्यायाधीशांनी तो कौल मान्य न करता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. एका कोपऱ्यात मात्र जुनी पद्धत टिकून राहिली: पारशी विवाहाच्या तंट्यांसाठी मुंबईत बसणाऱ्या विशेष न्यायालयात समाजातल्या माणसांना प्रतिनिधी म्हणून बसवायची तरतूद आहे.

शंभर उंट

रुवैस अबू धाबी शहरापासून पश्चिमेला साधारण २४० किलोमीटरवर. 'रास' म्हणजे डोकं, समुद्रात शिरलेलं भूशिर. 'रुवैस' हे त्याचं छोटेखानी रूप. सत्तरच्या दशकापर्यंत इथे वाळू आणि खारं पाणी होतं. १९८१ मध्ये दिवसाला १,२०,००० बॅरल तेल शुद्ध करणारी रिफायनरी सुरू झाली, १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांनी औद्योगिक संकुलाचं उद्घाटन केलं आणि आज शुद्धीकरणाची क्षमता दिवसाला आठ लाख बॅरलच्या वर आहे. भोवतालच्या प्रदेशाचं नाव अल धफ्रा. इथल्या उंटांच्या मोठ्या जत्रेला आखातभरातून कळप येतात.

उंटांचा आणि भरपाईचा संबंध फार जुना. अरब परंपरेत माणसाचा जीव गेला तर मारणाऱ्याच्या बाजूने वारसांना 'दिया' द्यायचा आणि त्याचं जुनं माप होतं शंभर उंट. अमिरातीच्या कायद्यात उंटांच्या जागी दिरहम आले. रक्कम आधी दीड लाख होती. २००३ च्या दुरुस्तीने ती दोन लाख दिरहम झाली. निष्काळजीपणाने जीव गेला, मग तो रस्त्यावर असो वा कामावर, की मृताच्या वारसांसाठी हा आकडा कायद्यातच लिहिलेला सापडतो. ज्युरीचं मन वळवायला नको आणि वकिलाच्या वक्तृत्वावर काही टांगलेलं नको.

त्याच देशाच्या १९८५ च्या दिवाणी कायद्यातलं २८२ वं कलम मला पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून पाठ आहे. त्याचा आशय असा की जो दुसऱ्याची हानी करतो त्याने ती भरून द्यावी, मग करणारा अजाण असला तरी. एका वाक्यात अख्खा विषय. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत याच वाक्यावर कपाटंच्या कपाटं भरलेली असतात.

आकडा गोठतो

आता जिथे मला थोडं थांबायचंय तिथे येते. आकडा ठरलेला असावा ही उद्योगांची मागणी मला पटते. विमा काढता येतो, अंदाजपत्रक बांधता येतं आणि जखमी माणसालाही दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. पण ठरलेला आकडा लोक विसरून जातात. महागाई वाढते, पगार वाढतात, भाकरीचा भाव चौपट होतो, पण कायद्यातला आकडा जागचा हलत नाही.

कॅलिफोर्नियात डॉक्टरांविरुद्धच्या दाव्यात वेदनेच्या भरपाईला १९७५ मध्ये अडीच लाख डॉलरचं छत बसलं. ते ४७ वर्षं हललं नाही. २०२२ मध्ये डॉक्टर, विमा कंपन्या आणि फिर्यादींचे वकील एका टेबलाशी बसले, कारण नाहीतर प्रश्न थेट मतपेटीत जाणार होता. मे महिन्यात कायदा झाला. पुढच्या वर्षापासून छत साडेतीन लाखांवर आणि मृत्यूच्या दाव्यात पाच लाखांवर गेलं आणि दहा वर्षांत ते साडेसात लाख आणि दहा लाखांपर्यंत चढत जाणार आहे.

भारतात धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाखाली माणूस गेला तर घरच्यांना मिळायचे २५,००० रुपये. हा आकडा १९९४ चा. तो दोन लाख झाला १ एप्रिल २०२२ रोजी.

आणि अमिरातीत, कामावरच्या अपघातात मृत्यू झाला तर २४ महिन्यांचा मूळ पगार, पण जास्तीत जास्त ३५,००० दिरहम. हे १९८० च्या कायद्यातलं छत. ते दोन लाख दिरहमवर गेलं फेब्रुवारी २०२२ मध्ये.

तीन देश, तीन कायदे, एकमेकांशी काही संबंध नाही आणि वर्ष एकच! मी हे वहीत शेजारीशेजारी मांडलं तेव्हा माझा विश्वास बसेना. तारखा पुन्हा पुन्हा पडताळून पाहिल्या.

आता तिसऱ्या उदाहरणाची आकडेमोड करू, कारण ती माझ्या रोजच्या माणसांची आहे. समजा एका हेल्परचा मूळ पगार १,५०० दिरहम आहे. चोवीस महिन्यांचे झाले ३६,०००. जुन्या छताखाली त्याच्या बायकोला ३५,००० मिळाले असते. छत जवळपास सहापट उंच झालं आणि तिच्या हातात हजार दिरहम जास्त पडले. दोन लाखांच्या छताला डोकं लागायचं तर मूळ पगार आठ हजार तीनशेच्या पुढे हवा, म्हणजे ते इंजिनिअरच्या घराला लागतं. ज्याचा मूळ पगार ७०० आहे त्याला छताचा काही उपयोग नाही. त्याला उपयोग जमिनीचा, म्हणजे कमीत कमी रकमेचा. ती १९८० मध्ये १८,००० दिरहम होती आणि २०२२ मध्येही १८,०००च राहिली. छतावर जगभर वाद होतात. जमीन कोणी उचलून धरत नाही. माझ्या मते उद्योगांच्या आघाड्यांनीच ती मागणी करायला हवी, कारण तिचा हिशोब छतापेक्षा सोपा आणि स्वस्त आहे.

साडेबारा ते तीन

१५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्यावर काम बंद. अमिरातीत हा नियम २००५ पासून आहे आणि मोडला तर दर कामगारामागे ५,००० दिरहम दंड, जास्तीत जास्त ५०,००० पर्यंत. या अडीच तासांत आमच्या साइटवर इतकी शांतता होते की फ्लेअरच्या ज्वाळेचा आवाज ऐकू येतो. लोक सावलीच्या शेडमध्ये बूट काढून झोपतात, डोक्याशी हेल्मेट, त्यात पाण्याची बाटली. भरपाईच्या कायद्यांविषयी मी कितीही वाचलं तरी अपघात टाळणारा हा नियम मला सर्वांत लाडका आहे.

देशापेक्षा जुनं चेंबर

भरपाईच्या भांडणात उद्योगांची बाजू मांडणाऱ्या संघटना फार जुन्या. अबू धाबी चेंबर ऑफ कॉमर्स १९६९ चं, दुबईचं १९६५ चं. देश जन्मला १९७१ मध्ये. म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना आधी आणि संघराज्य नंतर.

मुंबईतही तीच गत. बॉम्बे चेंबर १८३६ चं, पहिली रेल्वे धावण्याच्या सतरा वर्षं आधीचं. रेल्वे आली १६ एप्रिल १८५३ ला आणि दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या कुटुंबाला भरपाई मागता येईल असा कायदा भारतात झाला. त्याआधी इंग्रजी कायद्याचा नियम असा विचित्र होता की माणूस जखमी झाला तर दावा, मेला तर दावाही त्याच्याबरोबर गेला.

पुण्याचं मराठा चेंबर १९३४ चं. वालचंद हिराचंदांनी महाराष्ट्राचं चेंबर १९२७ मध्ये उभं केलं. पण माझ्या मनात सर्वांत आधी येतो तो १८७५ चा मुंबई गिरणी मालक संघ. त्याच वर्षी मुंबई सरकारने कारखान्यांची पाहणी करायला आयोग नेमला होता, आणि कामगारविषयक कायदा व्हावा की नको यावर मालकांना एका सुरात बोलायचं होतं. संघटित आवाज मालकांकडे आधी आला. कामगारांकडे तो आणला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन केलं. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर आणि कामात जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पगार अशा मागण्या होत्या. रविवारची सुट्टी गिरणी मालक संघाने १० जून १८९० रोजी मान्य केली. जखमी कामगाराला भरपाईचा कायदेशीर हक्क मिळायला १९२३ उजाडलं. लोखंडे त्याआधीच, १८९७ च्या प्लेगमध्ये, रुग्णांची सेवा करता करता गेले.

न्यायाधीश निवडून येतात तेव्हा

मराठी माणसाला ऐकून धक्का बसेल, पण अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत न्यायाधीशांना कधी ना कधी मतदारांपुढे जावं लागतं. फलक लागतात, जाहिराती होतात, देणग्या गोळा होतात. आणि मग 'समतोल कोर्ट' या शब्दाला वेगळीच धार येते.

वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरचा निकाल लागला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार होतं. मधल्या काळात, २००४ मध्ये, त्या न्यायालयाच्या एका जागेची निवडणूक आली आणि कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी तीस लाख डॉलर खर्च केले. ज्यांना त्याचा फायदा झाला ते ब्रेंट बेंजामिन निवडून आले, अपिलाच्या सुनावणीला बसले आणि तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल कंपनीच्या बाजूने फिरला. त्या तीन मतांत एक त्यांचं होतं. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की त्यांनी या प्रकरणातून बाजूला व्हायला हवं होतं.

समतोल कोर्ट मागणाऱ्या प्रत्येक आघाडीने ही गोष्ट दारावर लिहून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. तराजू सरळ असावा ही मागणी योग्यच आहे. पण त्याला कोणीही बोट लावायचं नाही, मागणाऱ्यानेही नाही.

बराका आणि जैतापूर

रुवैसहून पश्चिमेला साधारण ५० किलोमीटरवर बराका अणुवीज केंद्र. चार अणुभट्ट्या, ५,६०० मेगावॉट, देशाची पाव भाग वीज. त्या वाटेने गेलं की दूरवर वाळूत चार घुमट दिसतात आणि मला दर वेळी राजापूर तालुक्यातलं जैतापूर आठवतं.

बराकाचं कंत्राट कोरियन कंपनीला मिळालं डिसेंबर २००९ मध्ये. जैतापूरसाठी फ्रेंच कंपनीशी प्राथमिक करार झाला डिसेंबर २०१० मध्ये: सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॉट. अंतर एका वर्षाचं. बराकाची चौथी भट्टी २०२४ मध्ये पूर्ण चालू झाली. जैतापूरजवळच्या माडबनच्या सड्यावर अजून एकही उभी नाही.

कारणं अनेक: वीजदर, तंत्रज्ञानाचा खर्च, जमीन, मच्छीमारांचा विरोध, २०११ मध्ये विरोधकांवर झालेला गोळीबार. पण एक कारण थेट आपल्या विषयातलं आहे. अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची? अमिरातीने २०१२ च्या कायद्यात लिहिलं की जबाबदारी फक्त केंद्र चालवणाऱ्याची, ४५ कोटी एसडीआरपर्यंत. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. भारताच्या २०१० च्या कायद्यात चालवणाऱ्याची मर्यादा १,५०० कोटी रुपये होती, पण त्यातलं १७ (ब) हे कलम वेगळं होतं. यंत्रसामग्री सदोष निघाली तर चालवणारा ती पुरवणाऱ्याकडून वसुली करू शकत होता.

या एका उपकलमासाठी जगातल्या बलाढ्य व्यापारी संघटना एकवटल्या. फिक्कीने आक्षेप घेतला, अमेरिका-भारत व्यापार परिषदेने पाठपुरावा केला. २०१५ मध्ये सरकारने १,५०० कोटींचा विमा निधी उभारला, तरी परदेशी पुरवठादार पुढे येईनात. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा नवा कायदा मंजूर केला आणि पुरवठादारावरची ती तरतूद गेली.

ते कलम आलं कुठून हे विसरून चालणार नाही. भोपाळच्या वायुगळतीतून आलं. २ डिसेंबर १९८४ ची रात्र, आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर झालेली तडजोड, जेव्हा सरकारची मागणी ३३० कोटींची होती. भोपाळला वर्ष होतं न होतं तोच दिल्लीत श्रीराम कारखान्यातून वायू गळला आणि त्या प्रकरणात २० डिसेंबर १९८६ रोजी न्यायमूर्ती भगवतींच्या घटनापीठाने 'संपूर्ण दायित्वा'चं तत्त्व सांगितलं: धोक्याचा धंदा करणाऱ्याला कुठलीही सबब नाही, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. असं तत्त्व इंग्लंडच्या कायद्यातही नव्हतं. रोज सकाळी वायूच्या टाक्यांच्या रांगेतून चालत जाणारी मी. उद्योगाला अंदाज बांधता यावा हे मला कळतं, पण १७ (ब) गेलं त्या दिवशी मला आनंद झाला नाही.

तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा

अबू धाबी शहरात अल मारिया बेटावर एक वेगळंच कोर्ट आहे, अबू धाबी ग्लोबल मार्केट या वित्तीय केंद्राचं. तिथे इंग्लंडचा कॉमन लॉ थेट लागू आहे आणि पहिले मुख्य न्यायाधीश होते स्कॉटलंडचे लॉर्ड होप. आंतरराष्ट्रीय कंपन्यांना ओळखीचा कायदा मिळावा म्हणून ही सोय.

मला मात्र दुसऱ्या सोयीचं अप्रूप जास्त. फेब्रुवारी २०१९ मध्ये अबू धाबीच्या न्याय विभागाने कामगार न्यायालयांत अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदी ही तिसरी अधिकृत भाषा केली. अमिरातीत तेव्हा सुमारे २६ लाख भारतीय होते. दाव्याचा अर्ज देवनागरीत! विदर्भातला वेल्डर असो की कोकणातला रिगर, मध्ये कोणी दलाल न घेता स्वतःचा अर्ज स्वतः वाचू शकतो. एक लाख दिरहमपर्यंतच्या कामगार दाव्याला कोर्टाची फीही नाही. कोर्ट समतोल करायचं तर सुरुवात अशीही करता येते.

आणि खरं सांगायचं तर अरबी कोर्टाची भाषा आपल्याला तशी परकी नाहीच. वकील, दावा, हक्क, अर्ज, हुकूम, जामीन, कबूल, तारीख हे सगळे शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले आणि घरचे झाले. 'कायदा' अरबीत म्हणजे पाया, बैठक. तिकडे कायद्याला 'कानून' म्हणतात. 'तक्रार' म्हणजे अरबीत पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा पुन्हा सांगणं. ज्याने कधी भरपाईसाठी खेपा घातल्यात त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. आणि २८२ व्या कलमातल्या हानीला अरबी शब्द आहे 'दरर'. त्याच धातूपासून निघालेला आपल्या रोजच्या वापरातला शब्द म्हणजे 'जरूर'.

गेल्या महिन्यात चिपळूणचा एक फिटर गटविम्याचा फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आला. फॉर्म अरबी आणि इंग्रजीत. इंग्रजी रकान्यावर शिक्का बसून अक्षरं पुसली होती, म्हणून त्याने अरबी शब्दावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, इथे काय लिहू?" मी अक्षरं लावून वाचलं: 'वरथा'.

"वारस?" तो म्हणाला.

"वारसच. अनेकवचन."

त्याने खिशातून पेन काढलं. रकाना लहान होता, म्हणून दोन्ही मुलींची नावं एकाखाली एक लिहिली, देवनागरीत, आणि त्याखाली बायकोचं.